दोन ओळी, एक घर

मुजीब सरांची पहिली भेट लातूरच्या त्यांच्या संगणकवर्गात झाली. मी धर्माबादहून आलेली, जावा या संगणकभाषेची दोन पुस्तके पाठ असल्याच्या तोऱ्यात. सरांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "पाठ हाय, कळलं. आता चालवून दाखव की." तोरा तिथेच उतरला. आज सर साठीत पदार्पण करीत आहेत, आणि मी त्यांची सहकारी आहे, याचा मला अभिमान वाटतो.

कौतुकाच्या बाबतीत सरांचा हात आखडता. इतक्या वर्षांत "बरं हाय" एवढेच मला दोनदा मिळाले. दोन्ही जपून ठेवले आहेत.

शिकवणी वर्गांचे पेव फुटले त्या काळात मुलींच्या एका वसतिगृहातील खोल्यांच्या वाटपाचे काम आमच्याकडे आले. सख्ख्या बहिणींना एकच खोली, असा नियम होता. डेटाबेसमधून, म्हणजे संगणकातल्या नोंदींच्या साठ्यातून, कुटुंबे आणि मुली एकत्र मागवल्या की प्रत्येक मुलीची एक ओळ येते आणि त्या ओळीत तिचे कुटुंबही पुन्हा येते. माझ्या प्रोग्रॅममध्ये मी दर ओळीला नवे कुटुंब तयार करीत गेले, म्हणजे एकाच घराची दोन घरे झाली. माहूरच्या दोन बहिणी त्यामुळे दोन इमारतींत गेल्या. वडिलांनी धाकटीची ट्रंक उचलली. "दोघी संगं न्हाईत, तर हिला घिऊन चाललो. बास झालं शिक्षण." धाकटी भिंतीकडे तोंड करून रडत होती. चूक माझी आणि शिक्षा तिला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

सरांनी वडिलांसाठी चहा मागवला आणि मला म्हणाले, "बेटा, ओळ वाचली की आधी बघ, हे घर आपल्याकडं हाय का. असलं तर पोरगी त्याच घरात घाल. नसलं तरच नवं घर बांध." तासाभरात नवी यादी निघाली. दोघी एका घरात, एका खोलीत. वडिलांनी ट्रंक खाली ठेवली.

मी माफी मागायला गेले, तेव्हा सर प्रथमच लातूरच्या १९९३च्या भूकंपाविषयी बोलले. मदतछावणीच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते तेव्हा स्वयंसेवक म्हणून नोंदी घेत. माणसागणिक एक चिठ्ठी. आईवडील गेलेल्या दोन भावांच्या चिठ्ठ्या सरांच्या हातून वेगवेगळ्या गठ्ठ्यांत पडल्या आणि मुले दोन गावी धाडली गेली. सर आठ दिवस एसटीने त्यांना शोधत फिरले आणि भावांची भेट घडवूनच परतले.

"माझी चूक निस्तरायला आठ दिवस लागले," सर म्हणाले, "तुझी तासात निस्तरली. लई पुढं गेलो की आपण!"

स्वतःची चूक विद्यार्थ्यापुढे अशी मोकळेपणाने मांडणारे दुसरे शिक्षक मी पाहिले नाहीत. सर, ती धाकटी माहूरला परतली नाही. दोघी बरोबरीने शिकल्या. आमच्या हातून अजून पुष्कळ चुका व्हायच्या आहेत. तेव्हा प्रकृतीला जपा, आणि शंभरी गाठल्याशिवाय आम्हांला सोडू नका.