एन्झाइमला पळवणारे सर

बोलता बोलता समोरच्याचं कोपर धरायची संशोधन विभागातल्या सरांना सवय होती. कॅन्टीनच्या रांगेत पहिल्यांदा त्यांनी माझं कोपर खालून उचललं, तेव्हा ताटातलं वरण शर्टावर आलं.

"बघा, पंजाला मी हातसुद्धा लावला नाही," ते म्हणाले. "पंजा कामाला मोकळा. आधार फक्त कोपराला. आमचा रेणू एन्झाइमला एवढंच करतो!"

चाकणच्या त्या औषध कंपनीत मी खरेदी विभागात होतो. एन्झाइम हा शब्द मला साबणाच्या जाहिरातीतून माहीत. सर सांगायचे, यकृतात रक्तातली साखर उचलणारं एक एन्झाइम असतं. त्यांच्या गटाने घडवलेला इवलासा रेणू त्याला बाजूने चिकटला, की ते भराभर साखर उचलू लागतं.

"थांबवणारी औषधं रग्गड आहेत, राव. पळवणारं एक काढून दाखवा!" हे त्यांचं पालुपद. मी मान डोलवायचो. तुम्हीही डोलावली असती.

एके दिवशी मधुमेही उंदरांची साखर खरंच उतरली. सरांनी सगळ्या मजल्याला पेढे वाटले. मधुमेहाच्या औषधाचे पेढे! हसलो आम्ही, पण खाल्ले.

काही महिन्यांनी त्याच उंदरांची साखर पुन्हा चढली. औषध तेच, मात्रा तीच. काचेच्या नळीत एन्झाइम अजून पळत होतं. उंदरांत मात्र काही होईना. सर जेवायला यायचे आणि ताटाकडे बघत बसायचे. "नळीत चालतंय, मग हितं का न्हाई?" गोंधळले की त्यांच्या तोंडी गावची बोली यायची.

मुख्य कार्यालयाचे साहेब आले, त्या बैठकीत मीही होतो. आत जाताना आमच्या व्यवस्थापकांनी सरांना हळूच सांगितलं, "उंदरांचं खाणं बदललं होतं म्हणा. प्रकल्प वाचेल."

सर उभे राहिले. मग म्हणाले, "खाणं बदललेलं नाही. का थांबलं, ते मला कळलेलं नाही."

प्रकल्प बंद झाला. गटातल्या दोघींना दुसऱ्या विभागात धाडलं. सरांनी कंपनी सोडली. त्या दोघी कित्येक दिवस त्यांच्यावर चिडून होत्या. ते शहाणे की वेडे, मला तेव्हा ठरवता आलं नाही. आजही येत नाही.

शेवटचे भेटले ते पिंपरीत, महापालिकेच्या दवाखान्याबाहेर. सोबत त्यांची आई होती, साखर तपासायला आणलेली. मी कंपनीतला म्हटल्यावर म्हातारीने मलाच विचारलं, "आलं का रं ह्याचं औषध?"

मी सरांकडे पाहिलं.

"न्हाई, आई," सर म्हणाले. "चाललं हुतं, मग थांबलं. का, ते कळंना."

"कळंना, तर मग हितं काय करतुयास?" म्हातारी म्हणाली. "म्या जाईन रिक्षानं. तू जा, बघ जा."

सर रस्त्यातच उभे राहिले. प्रयोगशाळा तर कंपनीतच राहिली होती; कुठे जावं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.