घंटेची माती

सगळं गाव जिला आत्या म्हणतं, ती घंटा ओतणाऱ्याच्या घरात जन्मली; तिला कारखान्यात सगळी कामं करायची मुभा होती. मेण मळणं, कोळसा फोडणं, भाता ओढणं, घंटा कानसीनं घासणं. फक्त साच्याची माती कालवायची वेळ आली की वडील म्हणायचे, "पोरींनो, बाहेर." मग आतून कडी. मेणाच्या घंटेवर मातीचा पहिला लेप कसा बसतो, त्यावर घंटेचा नाद ठरतो. तो लेप पिढ्यान् पिढ्या बापाकडून लेकाकडे आलेला.

"लेक म्हणजे परक्याचं धन," आई समजावायची. "धनाबरोबर आपली माती कशाला पाठवायची?"

"मग परक्याच्या धनाकडून कोळसा का फोडून घेता?" आत्यानं विचारलं. उत्तर म्हणून पाठीत धपाटा मिळाला.

लग्न झालं सायकली दुरुस्त करणाऱ्याशी. दुकानामागे थोडी मोकळी जागा होती. तिथं आत्यानं विटा रचून भट्टी घातली.

"काय करणार?" नवऱ्यानं विचारलं.

"घंटा."

"येते?"

"नाही."

"मग कर," म्हणून तो पंक्चर काढायला बसला.

सुरुवातीच्या घंटा तडकल्या. नंतरच्या तडकल्या नाहीत, पण वाजायच्या अशा, की पोळपाटावर लाटणं आपटावं. शेजारीण भिंतीवरून विचारायची, "आज किती पोळ्या झाल्या?" आत्यानं नदीची माती आणली, विहिरीच्या गाळाची आणली. सासू वैतागली. "सून माती खाते म्हणतील लोक!"

"खाल्ली असती तर पचली तरी असती," आत्या म्हणाली आणि पुन्हा पाटी घेऊन निघाली.

शेवटी वारुळाची माती, कोळशाची पूड आणि भाताचा तूस असं जमलं. साचा फोडून तिनं घंटेवर सायकलचा पाना मारला. नाद उठला आणि थांबेचना. नवरा हातातला पंप तसाच धरून बाहेर आला. नुसता हसत उभा राहिला.

ही बातमी माहेरी पोहोचायला वेळ लागला नाही. थोरला भाऊ, दादा, तणतणत आला.

"घरची विद्या चोरलीस!"

"चोरायला तुम्ही काही उघडं ठेवलं होतं का?"

दादा नरमला. "बरं, घरी ये. हिस्सा देतो. फक्त कुणाला सांगायचं नाही."

"वडिलांनी दिली असती तर जपली असती," आत्या म्हणाली. "ही मी कमावलीय. वाटीन."

आणि तिनं वाटली. चांभाराच्या दोघी मुली आल्या, शिंप्याची विधवा बहीण आली, येईल तो शिकला. दादानं व्यापाऱ्यांना तिचा माल घेऊ नका म्हणून सांगितलं. माहेरचं बोलावणं बंद झालं. तेव्हा आत्या पाटीत घंटा घेऊन स्वतः बाजारात बसू लागली. चांभाराच्या थोरलीनं तर समोरच दुकान थाटलं. लोक म्हणाले, "बघ, भोग आता." आत्या म्हणाली, "दोन दुकानं झाली, म्हणून तर गिऱ्हाईक गल्लीत शिरतंय."

पुढे दादा गेला. त्याची मुलं कधीच नोकरीला लागली होती. शिकवीन सावकाश, असं म्हणता म्हणता दादाचं राहूनच गेलं होतं. न बोलावता आत्या माहेरी गेली. वहिनी तिचा हात धरून म्हणाली, "घरची माती निदान तुमच्याकडे तरी राहिली."

"नाही गं. माझी माती माझी. त्याची निराळी होती. त्याच्या घंटेला शेवटी जी गोड थरथर असायची, ती मला कधी साधली नाही." मग जमलेल्या भाऊबंदांकडे वळून ती कडाडली, "एवढी जपलीत, जपलीत, आणि घालवलीत! दादा माझ्याजवळ बोलला असता तर आज दोन तऱ्हेची माती असती!" आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडली. गप्प बसायला सांगायची कुणाची छाती झाली नाही.

आता हात थरथरतात म्हणून ती भट्टीजवळ खाटेवर बसून हुकूम सोडते. परवा एक माणूस शेळीसाठी घंटा घ्यायला आला. आत्यानं मातीपासून शिकवायला सुरुवात केली.

"आजी, मला नुसती घंटा हवीय," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"घंटा मिळेल. आधी सांग, तूस किती घालायचा?"

त्यानं चुकीचं सांगितलं. आत्यानं त्याला पुन्हा पहिल्यापासून ऐकवलं.