रेवतीचे शेवटचे वाक्य

तापलेल्या काचेचा, यंत्रातल्या तेलाचा आणि पाणी शिंपडलेल्या धुळीचा मिळून एक गंध होतो. तो कुठे आला की अजूनही माझे पाऊल अडते. मागे खामगावला टॉकीजबाहेर मुलीसाठी तिकिटे काढताना तो आला, आणि मी भर उन्हात भिंतीला हात टेकून उभा राहिलो. मुलगी सहज म्हणाली, "बाबा, तुमच्या काळच्या सिनेमातलं तुमचं आवडतं पात्र कोनतं हो?" किती निरागस प्रश्न! आवडत्या पात्रांविषयी माणसाने मोकळेपणाने बोलावे; ती आपली कुणी नसतात, आपल्याकडे काही मागत नाहीत, काळोखात भेटतात आणि उजेड होताच निघून जातात. मी मात्र "आठवत नाही" म्हणालो. वाचका, ते खोटे होते. मला सगळी आठवतात. त्यांतल्या एकीविषयी मी वीस-बावीस वर्षे चकार शब्द काढला नव्हता, ते आज लिहितो.

आताच्या बोलपटांतली पात्रे स्वतःच्या मुखाने बोलतात, गातात, रडतात. आमची मुकी होती. त्यांचे ओठ हलत, मग पडदा काळा होई आणि पाटीवर पांढरी अक्षरे उमटत, कधी हिंदी, कधी गुजराती, कधी इंग्रजी. कापूस वेचून झाला की पिंपळगाव राजाच्या माळावर तंबू पडे आणि सारे गाव लोटे. पण त्या पाट्या वाचू शकणारे किती? म्हणून पडद्याच्या उजव्या अंगाला एक माणूस उभा करीत. त्याने पाटी वाचायची आणि आपल्या बोलीत मोठ्याने सांगायची. मी शाळेचा मास्तर, आवाज खणखणीत. तो मान माझ्याकडे आला. चोवीस वर्षांच्या माणसाला याहून मोठी सत्ता कोणती हवी? राजा बोले तो माझ्या तोंडाने, राक्षस गर्जे तो माझ्या कंठाने!

एका डोळ्याचा एक कोतवाल माझा फार लाडका होता. पाटीवर त्याचे वाक्य भारदस्त असे, "द्वाररक्षका, सावध राहा." मी म्हणे, "काऊन बे, पहारा देऊन राह्यला का झोपून राह्यला?" तंबू हास्याने फाटायचा बाकी राही. पुरुषांच्या बाजूने कुणी ओरडे, "मास्तर, त्याले म्हना तंबूच्या बाहीर ये, मंग पायतो तुले!" दुसरा एक फाटक्या छत्रीचा नोकर होता, सिंहाला न भिणारा आणि बायकोला पाहून माठामागे दडणारा. त्याच्या तोंडी तर मी पाटीवर नसलेले पदरचे विनोद घाली. त्यात कुणाचे काय बिघडत होते? लोक सुखावत, तंबूवाले खूश होत, आणि मला वाटे, या मुक्या जीवांना मीच वाणी दिली. परक्याच्या तोंडी आपले शब्द घालण्याची चटक अशी निर्मळ हसण्यातूनच लागते.

त्या साली तंबूवाल्यांनी रेवतीचा खेळ आणला. रेवती ही नवऱ्याचा मार सोसणारी एक सून. तिची भूमिका करणारी बाई सुंदर नव्हती; कपाळ रुंद, डोळे जरा खोल. पण ती नुसती भिंतीकडे पाहत उभी राहिली तरी तंबूतले खोकले थांबत. खेळ लांबलचक, म्हणून दोन संध्याकाळी विभागून दाखवायचे ठरले. यंत्र फिरवणारे कासमभाई म्हणजे पांढऱ्या दाढीचा, मितभाषी गृहस्थ. त्यांनी पाट्यांची वही मला आधीच दिली होती. त्यामुळे रेवतीचे पुढे काय होणार, हे साऱ्या गावात त्यांना आणि मला, दोघांनाच ठाऊक होते.

आता माझ्या घराविषयी सांगितले पाहिजे, आणि इथेच लेखणी अडखळते. वडील नव्हते, माय, मी आणि धाकटी बहीण अनसूया. अनसूला जानेफळला दिली होती. त्या साली ती पोळ्याला म्हणून माहेरी आली आणि परत गेली नाही. तिच्या डाव्या हाताचे मनगट वाकडे सांधले होते. जात्याचा खुंटा तिला धरता येत नसे. कसे झाले, हे तिने मायला एकदाच सांगितले, मला कधीच नाही. मी विचारलेही नाही. विचारले असते तर ऐकावे लागले असते! आणि त्याच सुमारास देऊळघाटच्या एका घरातून माझे लग्न जुळत आले होते. मुलगी शिकलेली, घर तालेवार. त्यांचा निरोप मध्यस्थाने शब्द चावीत चावीत सांगितला, "मास्तर, बाकी सारं ठीक हाय. पन नांदती बहीन घरात बसली म्हनजे चार लोक बोलतात." मी मान खाली घातली. बहिणीला जा म्हणण्याची माझी छाती नव्हती, आणि राहा म्हणण्याची इच्छा नव्हती. भित्रेपणाचे दुसरे वर्णन मला अजून सुचलेले नाही.

पहिल्या संध्याकाळी खेळ तुटला तो नेमका उंबऱ्यावर. रेवती कडेवर मूल घेऊन दारात उभी; एक पाऊल आत, एक बाहेर. पडदा पांढरा झाला, आणि बायकांच्या बाजूने एकच उसासा उठला.

दुसऱ्या दिवशी गावाला दुसरे काही सुचत नव्हते. रेवती जाईल की राहील? विहिरीवर तेच, चावडीवर तेच. मला शाळेच्या वाटेवर दहा जणांनी अडवले आणि मी मोठ्या तोऱ्यात काही सांगितले नाही. दुपारी घरी जेवायला बसलो तेव्हा चुलीपाशी शेजारची गोदाकाकू अनसूला छेडत होती, "काय व, तुले काय वाटते? जाईन का ते?"

"जाईन," अनसू म्हणाली.

"अन लेकरू घेऊन कुठी जाईन, माय?"

"ते मले काय ठाऊक, काकू? पन तिले वाट सापडली तं मले बी सापडन. अन ते राह्यली तं..." एवढे बोलून तिने भाकरी उलटली. "आज सासरे येऊन राह्यले मले न्यायले. आजचा खेळ पाहू द्या म्हनीन. मंग सांगीन त्याईले."

गोदाकाकू हसली. "अव, सिनेमाले इचारून कोनी संसार करते का?" अनसू हसली नाही. माझा घास हातातच राहिला. आमच्याकडे बाईने कौल कुणाकडे मागावा? भावाकडे मागावा. तो भाऊ तीन महिने तिच्यासमोर मुकाट जेवत होता. मग तिने पडद्यावरच्या मुकीकडे मागितला, यात नवल ते काय? आणि त्या मुकीची जीभ कोण होते?

दुपार कलता कलता सासऱ्यांची बैलबंडी आली. शांत, सोज्वळ बोलणारे गृहस्थ, त्यांनी मायला नमस्कार केला, मला म्हणाले, "मास्तर, पोराचा हात जरा सैल हाय, मी समजावून सांगीन. तुमी फक्त सुनबाईले दोन शब्द सांगा." दोन शब्द! वही माझ्या खिशात होती. शेवटची पाटी मला तोंडपाठ होती. रेवती घर सोडते, लांब वाट चालते आणि एका कोष्ट्याच्या दारी थांबते, त्या दारात शिरताना पाटी येते, "मी परतणार नाही. माझ्या बाळाला माझे दोन हात पुरेत." मी ती पाटी मनात घोळवीत माळाकडे निघालो. तोवर मी काहीच ठरवले नव्हते, असे स्वतःला सांगत आलो आहे. पण माणूस वाटेत घसा का साफ करीत असतो?

तंबू भरला होता. दोरीच्या पलीकडे बायका. पहिल्या रांगेत अनसू, पदर दोन्ही कानांमागे घट्ट ओढून. पुरुषांत सासरे, मांडी घालून. यंत्राची खटखट सुरू झाली. मी पाट्या सांगत गेलो, नेहमीसारख्या, एकही शब्द न फिरवता. रेवतीने उंबरा ओलांडला तेव्हा पुरुषांतून कुणी चुकचुकले, बायका गप्प. ती चालू लागली. पाठमोरी, मूल खांद्यावर, वाट पांढरी, लांब. ती एका दाराशी आली; दार कुणाचे, हे पाटीवाचून कळण्यासारखे नव्हते. दार उघडले. पडदा काळा झाला आणि अक्षरे उमटली.

मी म्हणालो, "रेवतीले पस्तावा झाला. ते वापस नवऱ्याच्या दारी आली. ते म्हनते, चुकली मी. आता हेच माह्यं घर, इथंच मरन."

एक क्षण पडद्यावरची रेवती अडखळली. खरेच अडखळली! कासमभाईंचा दांडा फिरवणारा हात थबकला होता. मग यंत्र पुन्हा चालू लागले, ती दारातून आत गेली, आणि पुरुषांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "वा मास्तर!" कुणी ओरडले. सासरे समाधानाने हलकेच डोलले. मी अनसूकडे पाहिले नाही. कासमभाईंनी यंत्र पुसता पुसता एवढेच विचारले, "मास्तर, वो बात तख्ती पे थी?" मी वही त्यांच्या हाती दिली आणि निघालो. त्यानंतर मी पडद्याशेजारी कधी उभा राहिलो नाही.

सकाळी अनसूने स्वतःच गाठोडे बांधले. मायने विचारले, "जातं काय व?" ती म्हणाली, "हाव." माझ्या पाया पडली तेव्हा मी तिला आशीर्वाद दिला. चैत्रात माझे लग्न झाले. बायको गुणाची मिळाली, तिला यातले काही माहीत नाही. हे वाचूनच कळेल. अनसू सासरी अकरा वर्षे नांदली. तोच हात आणखी एकदा मोडला. मूल एकही जगले नाही. मग नवरा वारला, आणि सासऱ्यांनी मरताना गावालगतचा भाजीच्या शेताचा एक तुकडा तिच्या नावे केला. तो ती आज एकटीने करते. दिवाळीला मी चोळी धाडतो. ती घेते.

मुलीने टॉकीजबाहेर तो प्रश्न विचारला त्यानंतर पंधरा दिवसांनी मी जानेफळला गेलो. अनसू वांग्यांच्या वाफ्यात तण काढीत होती. मला पाहून म्हणाली, "भाऊ, असा अचानक? घरी सारे बरे हायत ना?" मी बांधावर बसलो. इकडचे तिकडचे काही बोललो नाही. बोललो असतो तर पुन्हा वीस वर्षे गेली असती. म्हटले, "अनसू, तुला रेवतीचा खेळ आठवतो? मी शेवटची पाटी खोटी वाचली होती. ती परत गेली नव्हती."

तिचे खुरपे थांबले नाही. "मले ठाऊक हाय," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कोन सांगीन? मी पाह्यलं ना. सासरी वापस जानारी बाई अशी चालत नसते, भाऊ. तिचे पाय हलके पडून राह्यले होते. दुसऱ्या दिसी मी बंडीकडं चालली ना, मले ठाऊक हाय पाय कसे पडतात ते."

"मग तू का गेलीस?"

आता तिने मान वर केली. रागाने नव्हे, मास्तराला साधे गणित येऊ नये याचे जे आश्चर्य वाटावे, तेवढेच त्या नजरेत होते. "रेवतीसाठी कोनाचं तरी दार उघडं होतं. माह्यासाठी तुह्यं होतं. तू साऱ्या गावासमोर सांगितलं का ते बंद हाय. मंग मी कुठी राहू?"

ऊन चढत होते. इतकी वर्षे मी समजत होतो की माझ्या खोट्याने तिला फसवले. आणि फसवल्याचा अपराध, कसाही असो, पेलण्यासारखा असतो, कारण त्यात समोरचा अजाण असतो. ती अजाण नव्हती. तिने खोटे ओळखले, त्यामागचे खरे ओळखले, आणि माझ्या अब्रूसाठी माझेच वाक्य जगून दाखवले. पात्रे मुकी होती म्हणून मला त्यांच्या तोंडी शब्द घालता आले, असे मी समजे. ही तर बोलू शकत होती! हिच्या तोंडीही मी घातलेच ना?

हाताशी आलेले तण बांधावर टाकून तिने विचारले, "खरं काय लिवलं होतं रे? आता तं सांग."

मी सांगितले. पाटीवरचे शब्द, पाटीवर होते तसे. बोलीत नाही, हातवारे नाहीत. तिने ते ऐकले, ओठांनी हळूच पुन्हा म्हणून पाहिले, आणि म्हणाली, "चांगलं होतं. तवा कामी पडलं असतं." मग खुरप्याची माती अंगठ्याने पुसत, "अन मंग? पुढं काय झालं तिचं? सुखात राह्यली का?"

किती सोपे होते! लेकरू मोठे झाले, हाताला यश आले, गावाने मान दिला, असे काहीही मला सांगता आले असते. माझी जीभ त्यात तरबेज, आणि तिचे डोळे ते ऐकायला उत्सुक. वाचका, माझे आवडते पात्र रेवती आहे, आणि त्या दारापलीकडची तिची एकही गोष्ट मला ठाऊक नाही.

मी म्हणालो, "त्याच्यापुढं पाटीच नव्हती, अनसू."

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले. "मंग नको सांगू," ती म्हणाली, आणि मी बसलो होतो त्या बांधाकडच्या सरीला लागली.