चंपाला समजेल का

पडद्यावर एका मुलीचं चित्र आलं. काळी, दोन वेण्या, तेल चोपडलेलं डोकं, तोंड अर्धवट उघडं. फ्रॉकला ठिगळ. खाली नाव लिहिलेलं: चंपा.

एम.ए.चं दुसरं सत्र नुकतंच सुरू झालं होतं. शैक्षणिक तंत्रविज्ञान विभाग, दुपारचा तास, एसी चालू. सर म्हणाले, कुठलाही ई-धडा बनवायच्या आधी शिकणारा कोण ते ठरवायचं. त्याला लर्नर प्रोफाइल म्हणतात. ही आपली नमुना विद्यार्थिनी. मग ते एकेक ओळ वाचत गेले.

प्रवर्ग: राखीव. वडील: अकुशल कामगार. घरात वाचनाचे वातावरण: नाही. भाषा: अशुद्ध. आकलन: मंद. संगणकाशी पहिला संबंध: बारावीनंतर. त्याआधी प्लायवूडच्या तुकड्यावर काढलेल्या की-बोर्डवर टायपिंगचा सराव.

प्लायवूड म्हटल्याबरोबर अख्खा वर्ग माझ्याकडे वळला.

तो की-बोर्ड माझा. बाबा लकडगंजात आरा मशीनवर लाकूड कापायचं काम करतात. मला टायपिंगची परीक्षा द्यायची होती आणि घरी कॉम्प्युटर नव्हता, तेव्हा त्यांनी टाकाऊ प्लायचा एक तुकडा आणला, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केला. अक्षरं मी स्केचपेनने काढली. त्यावर बोटं बसली. परीक्षा पास झाले. ही गोष्ट मी वर्गात छाती फुगवून सांगितली होती. चिंतन नोंदवहीतही लिहिली होती. ही नोंदवही या डिग्रीची अट आहे. आपण कसे शिकलो ते लिहायचं, काही लपवायचं नाही, गुण प्रामाणिकपणाला. माझ्या पानावर सरांनी लाल पेनने लिहिलं होतं, 'अतिशय प्रामाणिक'.

त्या पानातून चंपा काढली.

एक जण हसला. मग सगळे हसले. मग मीही हसले. हे आत्ताच लिहून टाकते. सगळा राग सरांवर काढून मोकळी झाले तर ते खोटं होईल.

त्यानंतर चंपा वर्गातच राहायला आली. कुणीही आपला धडा दाखवला की सर विचारायचे, "हे चंपाला समजेल का?" वाक्य लांब झालं, चंपाला जमणार नाही. आलेख आला, चंपा घाबरेल. शेवटी शेवटी सरांना विचारावंही लागत नव्हतं, पोरंच विचारायची. कँटीनमध्ये, चंपा, चाय घेते का. मी घ्यायची. स्नेहल माझी मैत्रीण, रामटेकची, एकाच बाकावर बसायचो. मी एकदा तोंड पाडून बसले तर ती म्हणाली, "काहून रागावून राहिली वं, तूच तं फेमस झाली." प्रेमानं म्हणाली. तेच जास्त लागलं.

आणि मी कोण? बाहेर मी विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहिते. वसतिगृहासाठी, अडकलेल्या शिष्यवृत्त्यांसाठी गेटवर माइक घेऊन बोलते. आमच्या पत्रकातल्या एका एका शब्दावर मी रात्र रात्र भांडलेली आहे. विभागाचं दार ओलांडलं की मात्र मुकी. कारण डिग्रीच्या अटी पाठ होत्या. चार सत्रं, शाळेतल्या प्रात्यक्षिकाचे तास, नोंदवही, एक पूर्ण ई-मॉड्यूल, तोंडी परीक्षा. आणि या सगळ्याखाली मार्गदर्शकाची सही. ती नसेल तर प्रकल्प जमाच होत नाही. माझे मार्गदर्शक सरच होते.

शेवटच्या सत्रात मी विषय घेतला, आरा मशीनवर हात कसा वाचवायचा. बाबांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत, त्यावरून सुचला. सरांना आवडला. म्हणाले, वा, म्हणजे आता चंपाचे वडील. आणि हसले.

लर्नर प्रोफाइलचा तक्ता भरायला बसले. शिक्षण: अल्प. कौशल्य: अकुशल. वाचनाची सवय: नाही. आकलन: मंद, चित्रांची गरज. दहा मिनिटांत झालं. विचार करावाच लागला नाही. दीड वर्ष तेच ऐकलं होतं.

बाबा कामावरून आले. कानात, भुवयांत भुसा. जेवायला बसले तेव्हा मी तक्ता वाचून दाखवला. बरोबर आहे का, काही राहिलं का, एवढंच विचारायचं होतं.

"हे कोणाबद्दल होय वं?"

मी म्हटलं, तुमच्या. म्हणजे मशीनवरच्या सगळ्यांच्या.

बाबांच्या मागे लोखंडी कपाट. दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून दरवर्षी घेतलेली पुस्तकं, प्रत्येकाला त्यांनी स्वतः खाकी कव्हर घातलेलं, समासात पेन्सिलीच्या खुणा. त्या कपाटाला पाठ टेकून मी लिहिलं होतं, वाचनाची सवय नाही. हा माणूस ओंडक्यावर थाप मारून सांगतो आत पोकळ कुठे आहे. किती फळ्या निघतील ते सांगतो, आणि तेवढ्याच निघतात. मालक त्यांच्या शब्दावर माल उचलतो. मी लिहिलं होतं, अकुशल.

"मले विचारलं काय तू?"

आवाज चढलेला नव्हता. मी मान हलवली, नाही म्हणून.

"विचारलं असतं तं सांगतलं असतं," म्हणाले, आणि भाकर मोडली.

सरांनी निदान चित्र तरी वेगळं काढलं होतं. मी तर बापाच्याच घरात बसून बापाची चंपा केली होती. आणि तीच त्याला वाचून दाखवली होती.

तो कागद फाडला. रविवारी मशीन बंद असते, तेव्हा बाबांसोबत लकडगंजात गेले. मशीनवरचे सात जण जमले होते. सगळ्यांना विचारलं, तुम्हाला काय येतं, हात कसा जातो, काय शिकायचं आहे. त्यांनी अर्ध्या तासात सांगितलं. पात्यावरची जाळी मालकाने काढून ठेवलेली आहे, कारण जाळी असली की काम हळू होतं. हात कुठे ठेवायचा ते आम्हाला माहीत आहे, शिकवायचं असेल तर मालकाला शिकव. माझ्या चित्रांच्या मॉड्यूलमध्ये हे कुठेच नव्हतं. मी नवीन प्रोफाइल लिहिलं. शिकणारा: मालक.

ते घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ते उघडलंही नाही. त्यांना दुसरंच काम होतं. त्यांनी चंपावर लिहिलेलं पुस्तकातलं प्रकरण दुसरीकडच्या कॉलेजांसाठी छापलं जाणार होतं आणि छापणारे माझी नोंदवही वापरल्याचं संमतिपत्र मागत होते. त्यांनी ते माझ्यासमोर सरकवलं. तारीख आधीच टाकलेली, दीड वर्षापूर्वीची, म्हणजे चंपा पडद्यावर यायच्या आधीची. शेजारी माझा प्रकल्प जमा करायचा फॉर्म.

"दोन सह्या आहेत. तू एक कर, मी एक करतो."

मी म्हटलं, मी करणार नाही. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. ते वाईट वागतात असं त्यांना कधीच वाटलं नव्हतं, अजूनही वाटत नसेल.

"अगं, तुझं नाव कुठे आहे त्यात?"

"नाव तेवढं माझं नाही सर. बाकी सगळं माझं आहे."

ते समजावू लागले. चंपा म्हणजे तू नव्हेस, ती प्रातिनिधिक आहे, अशा हजारो मुलींचं तिच्यामुळे भलं होणार आहे. मी विचारलं, "ती मी नाही, तं सही माझी काहून पाहिजे?"

दोन वर्षं त्या केबिनमध्ये मी घासूनपुसून बोलत होते. त्या दिवशी माझी भाषा आपोआप आली. नमुना म्हणून त्यांनी तिची पण नोंद करावी.

संमतिपत्राच्या तळाशी दोन चौकोन असतात. संमती आहे. संमती नाही. हाच कागद घेऊन मी सरांच्या सर्वेक्षणासाठी वस्तीत घरोघरी फिरले होते. तेव्हा त्यांनीच बजावलं होतं, लोकांना सांग, नाही म्हणायचा हक्क आहे. मी दुसऱ्या चौकोनात खूण केली. त्यांची तारीख खोडली, त्या दिवसाची टाकली. सही केली नाही, पूर्ण नाव लिहिलं. मधे बापाचं.

"वर्ष जाईल तुझं," सर म्हणाले.

गेलं. माझा फॉर्म बिनसहीचा परत आला. स्नेहल पास झाली, पुण्याला ई-लर्निंगच्या कंपनीत लागली. तिथून मेसेज केला, एक सही तर होती. आई पंधरा दिवस माझ्याशी धड बोलली नाही. विभागप्रमुखांना अर्ज दिला, त्याला उत्तर नाही. ज्युनिअर पोरी सांगतात, चंपा अजून आहे. ठिगळाचा फ्रॉक काढून तिला सलवार घातली आहे म्हणे. खालच्या ओळी त्याच.

या सत्रात मी पुन्हा नाव नोंदवलं आहे. त्याच विभागात. मार्गदर्शकाचा रकाना रिकामा आहे, राहू दे. नवीन पोरांसाठी एक पानाचं पत्रक काढलं आणि गेटवर स्वतः वाटलं. नोंदवही लिहा, खरी लिहा, पण पहिल्या पानावर लिहा की मला विचारल्याशिवाय यातली एक ओळ वापरायची नाही. काही पोरांनी लिहिलं. काहींनी पत्रकाची घडी करून खिशात घातली. मी पण दोन वर्षं हेच केलं होतं, त्यांना काय बोलू.

सोमवारी ज्युनिअर पोरांचा लर्नर प्रोफाइलचा तास आहे. मी पहिल्या बाकावर बसणार. पिशवीत प्लायवूडचा की-बोर्ड आहे. चंपा पडद्यावर आली की उठणार, तो की-बोर्ड सरांच्या टेबलावर ठेवणार, स्वतःचं पूर्ण नाव सांगणार आणि विचारणार, यावर टायपिंग शिकलेल्या मुलीचं आकलन मंद आहे हे कशावरून ठरवलं, ते दाखवा.

दाखवेपर्यंत खाली बसणार नाही.