हालबेरा दिवे दाखवते

आंद्री पोहण्याच्या तलावाच्या पायरीवरून घसरला आणि त्याचा घोटा मोडला, तेव्हा नोव्हेंबर नुकताच लागला होता. माझ्या दहा क्वाड धुऊनपुसून रांगेत उभ्या होत्या, आणि आंद्री हा माझा एकुलता एक वाटाड्या. रात्री पाहुण्यांना या चार चाकांच्या मोटारसायकलींवर बसवून माळावर न्यायचं, आइसलंडच्या आभाळात झळकणारे उत्तरेचे दिवे दाखवायचे, गरम कोको पाजायचा आणि परत आणून सोडायचं, हा आमचा धंदा. दुसऱ्याच दिवशी आठ माणसं यायची होती. मी खोऱ्यातल्या सगळ्यांना फोन केले. क्वाड सगळ्यांनाच चालवता येते, इंग्रजीही बऱ्याच जणांना येतं, पण रात्री दहाला उबदार घर सोडायला कुणी राजी होईना. शेवटी यादीत हालबेरा उरली.

तिला शेवटी ठेवायला कारण होतं. हालबेराला खोटं बोलता येत नाही. हा तिचा सद्गुण आहे असं मी म्हणणार नाही, कुणाला शिट्टी वाजवता येत नाही तसं ते आहे. आमच्या पाळकाच्या बायकोने एकदा नवा कोट घालून तिला विचारलं, "कशी दिसते मी?" हालबेराने नीट पाहिलं आणि म्हणाली, "कोट चांगला आहे."

तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती. दीडशे मेंढ्या, काउतुर नावाचा एक कुत्रा आणि वीस वर्षांची तांबडी क्वाड असा तिचा एकटीचा संसार. बर्फात, चिखलात, अंधारात ती त्या क्वाडवरून अशी जायची, की जणू स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात चाललीय.

"दिवे दाखवायचे?" ती फोनवर म्हणाली. "ते काय दाखवायचे, स्कूली? मान वर केली की दिसतात."

"लोक त्यासाठी कुठून कुठून येतात, हालबेरा."

"त्यांच्याकडे आभाळ नाही?"

"आभाळ आहे, दिवे नाहीत."

"आणि ढग असले तर?"

"तर धीर द्यायचा. गोष्टी सांगायच्या. आंद्री भुतांच्या सांगतो."

"मला एकच भूत माहीत आहे, आणि ते आमच्या घरातलं आहे. परक्यांना कशाला सांगू?"

पण ती आली. का आली ते मला आजही नीट माहीत नाही. बहुधा हिवाळ्यात तिच्या मेंढ्या गोठ्यात असतात आणि तिला मोजायला कुणीतरी लागतं. पहिल्या रात्री तिने पाहुण्यांना फुगीर नारिंगी डगले घालून ओळीत उभं केलं आणि प्रत्येकाच्या हेल्मेटवर टिचकी मारत मोजलं. मग म्हणाली, "माझ्या मागे या. वाटेबाहेर चाक घालू नका. इथलं शेवाळ एकदा उखडलं की तुमचे नातू म्हातारे होईपर्यंत भरत नाही. कुणी थांबलं तर मी शिट्टी वाजवीन. दोनदा वाजवली तर कुत्रा येईल."

मी सगळ्यात मागच्या क्वाडवर होतो. आभाळ ढगांनी गच्च भरलेलं. तासाभराने आम्ही टेकडीवर पोचलो, तर पलीकडे ढगांवर सुंदर नारिंगी उजेड पसरला होता. पाहुणे क्वाडवरून उड्या मारून उतरले. एकाने बायकोला मिठी मारली. एक बाई तर हुंदके देऊ लागली. अशा वेळी आंद्री गप्प बसून कोको ओततो.

"ते टोमॅटो आहेत," हालबेरा म्हणाली.

"काय?"

"टोमॅटो. खाली काचघरं आहेत. रात्रभर दिवे लावतात, नाहीतर आमच्याकडे टोमॅटो कसला पिकतोय."

परत आल्यावर मी तिला म्हटलं, "छान दिवे लावलेस!" तिला टोमणा कळला नाही. "मी नाही, काचघरवाल्याने," ती म्हणाली आणि घरी गेली.

इंटरनेटवर लोकांनी लिहिलं, ते वाचताना मी एक डोळा मिटून घेतला होता. 'काही दिसलं नाही. बाईंनी आधीच तसं सांगितलं होतं. पाच तारे.' मी दुसराही डोळा उघडला. असं दोन आठवडे चाललं. ज्या रात्री दिवे दिसायचे त्या रात्री लोक खूश, आणि नाही दिसले तरी कुणी तक्रार करेना. तिने कुणाला आशाच लावलेली नसायची.

मग एका गुरुवारी ओदिलाँ आला. बेल्जियमचा निवृत्त दंतवैद्य, उंच, वाकलेला, शोकसभेला निघाल्यासारखा चेहरा. दिवे बघायला तो चौथ्यांदा आइसलंडला आला होता. आधीच्या तिन्ही वेळा त्याला फक्त ढग दिसले होते, आणि ही शेवटची खेप असं त्याच्या बायकोने बजावून पाठवलं होतं. त्याच्याकडे लहान मुलाएवढा कॅमेरा होता. तो त्याने आपल्या क्वाडच्या मागे तीन पट्ट्यांनी आवळून बांधला.

"आज दिसतील?" त्याने विचारलं.

"नाही," हालबेरा म्हणाली.

त्याने तिच्याकडे आदराने पाहिलं. "मी चाळीस वर्षं लोकांना 'दुखणार नाही' असं सांगत आलो," तो म्हणाला.

त्या रात्री सात पाहुणे होते. ओदिलाँ, साठीच्या दोन इंग्रज बहिणी आणि चार तरुण, जे कुठले होते ते विचारायचं राहूनच गेलं. माळावर थांबून आम्ही कोको पीत होतो. वर ढगच ढग. तेवढ्यात काउतुरने कान टवकारले. हालबेराने क्वाडचा दिवा तिकडे वळवला, तर उंचवट्यांच्या मधे दोन हिरवे डोळे.

मेंढी! नोव्हेंबरात, माळावर, एकटी.

हालबेराने पेला खाली ठेवला. "हेल्मेटं काढू नका," ती पाहुण्यांना म्हणाली. "हात पसरून ओळ करा. पळायचं नाही, ओरडायचं नाही. तिला वाटेकडे आणायचं."

"हालबेरा," मी आपल्या भाषेत कुजबुजलो, "पाहुणे आहेत ते."

"हातपाय आहेत ना त्यांना?"

क्वाड वाटेबाहेर न्यायची नाही, म्हणून सगळं पायी. फुगीर डगल्यांतली सात माणसं, चंद्रावर चुकून उतरल्यासारखी, अंधारात झुलत निघाली. तरुणांपैकी दोघे शेवाळाच्या खड्ड्यात कमरेपर्यंत गेले आणि तिथूनच हात पसरून उभे राहिले, कारण ओळ मोडू नका असं सांगितलं होतं. इंग्रज बहिणी मेंढीला "प्लीज, प्लीज" म्हणत होत्या. मेंढीने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, सगळ्यात कच्चा माणूस निवडला आणि सरळ ओदिलाँवर चालून गेली. तो बाजूला झाला नाही. त्याने गुडघे टेकले, तिचं मुंडकं काखेत धरलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीने म्हणाला, "झालं, झालं, आता दुखणार नाही."

"शाबास!" हालबेरा म्हणाली. हा शब्द मी तिच्या तोंडून कुत्र्यासाठी सोडून कधी ऐकला नव्हता.

मग तिने मेंढीच्या कानातला बिल्ला बॅटरीच्या उजेडात वाचला आणि पुन्हा एकदा वाचला. मीही वाकून वाचला. मेंढी सिग्वातुरची होती.

आता हे सांगायला हवं. सप्टेंबरात सगळ्या खोऱ्याच्या मेंढ्या आम्ही माळावरून खाली आणतो. त्या मोहिमेच्या प्रमुखाला डोंगरराजा म्हणतात, बाई असली तरी राजाच. पंचवीस वर्षं आमची राजा हालबेरा. अकरा वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या सिग्वातुरने चारचौघांत म्हटलं होतं, की हिच्या मोजणीत एक मेंढी राहून गेली. तेव्हापासून दोघं बोलत नव्हती. चर्चमध्ये एकाच बाकावर बसली तरी मधे टोप्या ठेवायची. आणि याच सप्टेंबरात त्याने निरोप पाठवला होता, की माझी एक करडी मेंढी आली नाही. हिने उलट निरोप पाठवला, की पुन्हा मोज, बोटं कमी पडली तर शेजाऱ्याची घे.

"मी उद्या सोडतो नेऊन," मी म्हटलं. "माझ्या गाडीतून. तुझं नावही काढत नाही. कुठे सापडली ते मला आठवतच नाही."

तिने मेंढीकडे पाहिलं, मग अंधाराकडे. मला वाटतं, मिनिटभर तरी तिने विचार केला. नाक पुसलं.

"मोजणी माझी होती," ती म्हणाली. "चला."

ओदिलाँची क्वाड वाटेच्या कडेला ठेवून दिली आणि त्याला माझ्या मागे बसवलं, मांडीवर आडवी मेंढी. आम्ही नदीकडे उतरू लागलो. अर्ध्या वाटेवर हालबेराने अचानक हात वर केला आणि इंजिन बंद केलं. आम्हीही केलं. ढग मधोमध फाटले होते. फटीतून हिरवा पट्टा बाहेर आला, लांबला, हलला, आणि बघता बघता अख्ख्या आभाळभर पसरून झुळझुळू लागला. खालची कड गुलाबी झाली. नदीचं पाणीसुद्धा हिरवं दिसायला लागलं.

मग माझ्या मागून आवाज आला, "कॅमेरा!"

"तुमच्या क्वाडवर राहिला," मी म्हटलं.

"मेंढी जरा सोडू का?"

"मेंढी सोडलीत तर मी तुम्हाला इथेच सोडीन," हालबेरा म्हणाली.

त्याने मेंढी आणखी घट्ट धरली आणि मान वर केली. बराच वेळ गेला. "मांडीवर काहीतरी गरम वाटतंय," तो हळूच म्हणाला.

"ते मेंढीचं," मी सांगितलं.

"असू दे, असू दे," तो म्हणाला, पण खाली बघितलं नाही.

हालबेरानेही थोडा वेळ वर पाहिलं. "आज बरे आहेत," ती म्हणाली. याहून जास्त कौतुक तिने त्यांचं कधी केलं नाही.

सिग्वातुरने दार उघडलं तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. अंगात लोकरीची लांब अंतर्वस्त्रं, नाकावर चष्मा.

"कोण गेलं?" त्याने घाबरून विचारलं. एवढ्या रात्री आमच्याकडे दुसऱ्या कशासाठी कुणी येत नाही.

"कुणी नाही. तुझी करडी आणलीय."

त्याने मेंढी पाहिली. मेंढीला मिठी मारलेला बेल्जियन पाहिला. मागची नारिंगी रांग पाहिली.

"एका मेंढीला एवढी माणसं?"

"ती दिवे बघायला आलीत."

"मग दिवे का नाही बघत?"

"बघून झाले." हालबेराने हेल्मेट काढलं. ते तिने त्या रात्री पहिल्यांदाच काढलं असावं. "सिग्वातुर, मोजणीत चूक झाली. माझी."

म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर येऊन उभं राहिलं, आणि आता त्याचं करायचं काय ते त्याला समजेना.

"ह्या वर्षीची," तो शेवटी म्हणाला. "आणि अकरा वर्षांपूर्वीची?"

"ती बरोबर होती."

"नव्हती."

"होती! तुझी ती काळी आदल्या वर्षीच मेली होती, तुला पुरल्याचं आठवत नाही."

"मी पुरली नाही, कारण ती मेली नव्हती! आत या सगळे, घरात थंडी शिरतेय. आणि मेंढीला बोळात बांधा."

त्याने पँट चढवली, कॉफी ठेवली, तळलेल्या पिळाच्या गोड क्लेइनुरचा डबा काढला आणि धुरावलेल्या मटणाचे काप घातलेल्या पातळ भाकऱ्या मांडल्या. इंग्रज बहिणींनी बोळातल्या मेंढीकडे आणि मग बशीकडे पाहिलं.

"ती वेगळी होती," सिग्वातुरने त्यांना समजावलं.

ती दोघं पहाटे दोनपर्यंत त्या काळ्या मेंढीवरून भांडली. भांडताना तो तिच्या कपात कॉफी ओतत होता आणि ती भांडता भांडता पीत होती. चार तरुण खुर्च्यांवरच झोपले. ओदिलाँ सिग्वातुरची जुनी पँट घालून मेंढीपाशी जाऊन बसला होता आणि तिचे दात तपासत होता. "हिला अजून चार वर्षं तरी चिंता नाही," त्याने येऊन सांगितलं, आणि सिग्वातुरला ते मनापासून आवडलं.

परतताना हालबेरा माझ्या बाजूला आली. "त्याने स्वयंपाकघर निळं रंगवलंय," ती म्हणाली. "मला माहीतच नव्हतं." मग थोडं पुढे जाऊन पुन्हा थांबली. "वाईट दिसतं."

घरी जाऊन ओदिलाँने इंटरनेटवर जे लिहिलं त्यात दिव्यांवर चार ओळी होत्या आणि मेंढीवर दोन पानं. त्यानंतर लोक फोन करून विचारू लागले, की मेंढी कुठल्या वारी असते. मी म्हटलं, एखादी बाळगूया का? हालबेराने माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी विषय पुन्हा काढला नाही. जानेवारीत आंद्रीचा घोटा बरा झाला. तरी गुरुवार तिने स्वतःकडेच ठेवला.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी बघतो तर सिग्वातुर गॅरेजात उभा. ही बाई परक्या माणसांना आमच्या खोऱ्याबद्दल काय काय सांगते ते ऐकायचं आहे, म्हणाला. तो तिच्या मागे बसला आणि तिने दाखवलेली प्रत्येक टेकडी दुरुस्त करत गेला. हिचं नाव ते नाही, त्या वळणावर पूल कधीच नव्हता, आणि क्वाड एवढी डावीकडून चालवतात का? पाहुण्यांना वाटलं, नवरा-बायको आहेत. त्याच्या घराच्या अर्धा मैल अलीकडे हालबेराने क्वाड थांबवली, त्याला उतरवलं आणि म्हणाली, "इथून चालत जा. वाट तुला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे."

तो हातवारे करत, काहीतरी मोठ्याने बोलत चालत गेला. पुढच्या गुरुवारी पावणेदहालाच हजर होता, आणि या वेळी स्वतःचं हेल्मेट घेऊन आला होता.