फक्त हात दिसतील एवढंच

नवऱ्याचं घर सोडल्यावर मी पहिली खोली घेतली ती हिंगोलीत. त्याला पत्ता लागला. एका दुपारी गल्लीत उभा राहून तो माझ्या नावानं इतका ओरडला, की संध्याकाळी घरमालकानं खोली खाली करायला सांगितली. मग मी कळमनुरीला आले. बाजाराच्या मागं माडीवरची खोली मिळाली. खाली घरमालकीण मावशी एकट्याच राहायच्या. शिवणकाम करते, एवढंच मी त्यांना सांगितलं.

ते खोटं नव्हतं. ब्लाऊज शिवायचे आणि शिवता शिवता त्याचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचे. मोबाइल टेबलाच्या वर, खाली तोंड करून बांधलेला. त्यात दिसायचं कापड, खडू, कात्री आणि माझे हात. चेहरा कधीच नाही. चॅनेलचं नावही भलतंच. आवाजाची धास्ती होती, पण नवरा कशाला कटोरी ब्लाऊजचं कटिंग बघत बसेल, अशी मनाची समजूत घातली होती. खिडकी लावूनच बोलायचं. आठवडी बाजाराच्या दिवशी तर बोलायचंच नाही, खालून भोंग्यावर कोण गावाचं नाव घेईल सांगता येत नाही. बायका खाली लिहायच्या, ताई, तुमच्यामुळं बाहीचा मुंढा बराबर बसला. ताई, तुमचं गाव कोणतं? पहिलीला मी धन्यवाद म्हणायचे. दुसरीला उत्तर द्यायचं नाही.

एकदा मावशी हातात मोबाइल घेऊन जिना चढून आल्या. "माझ्या भाचीनं पाठवलं बघ. किती नीट दाखवून राहिली ही बाई! तू बी हिच्याकडून चार गोष्टी शिक."

मावशींना कमी ऐकू यायचं, त्यामुळं आवाज ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. मी माझेच हात बघत उभी राहिले.

"शिकते की," म्हटलं.

त्या खाली गेल्यावर हसू आलं. ते सांगायला कोणी नव्हतं. हसू आपोआप विरलं.

मग एके दिवशी दुपारी दार वाजलं. दारात माझ्याच वयाची एक बाई. पदर घामानं ओला, हातात कापडी पिशवी. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि नावानं विचारलं. माझ्या खऱ्या नावानं.

"तुमी कोण?" मी दार अर्धंच उघडलं होतं.

"मी डोंगरकड्याची. तुमचे व्हिडिओ बघून शिवायला शिकले, ताई. आता गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवते. म्हटलं, एकदा भेटावं." तिनं पिशवीतून एक ब्लाऊज काढला. "ही बाही बघा, तुमी सांगितली तशीच बसवली."

"मी न्हाई ती," मी म्हणाले. "तुमचं काहीतरी चुकलंय."

दार धरलेल्या माझ्या हाताकडं तिनं पाहिलं. अंगठ्याजवळ इस्त्रीच्या चटक्याचा डाग आहे. माझे व्हिडिओ बघणाऱ्या कुणालाही तो पाठ असणार.

"बरं," ती हळूच म्हणाली. "तुमी नसाल त्या. पण त्या ताई भेटल्या तर एक सांगा. अस्तराच्या व्हिडिओत टेबलाच्या कोपऱ्यात पार्सल हाय. थांबवून मोठं केलं की नाव, पत्ता, समदं वाचता येतंय. मी चांगल्या मनानं आले. दुसरं कोणी कसं येईल, काय सांगावं?"

तिनं ब्लाऊजची घडी घातली, पिशवीत ठेवला आणि जिना उतरू लागली. मधल्या पायरीवर ती थांबली. मी हाक मारीन असं तिला वाटलं असावं. हाक गळ्यापर्यंत आली होती. बसा, पाणी घ्या, चहा ठेवते, दाखवा ती बाही. उन्हातान्हात एसटीनं आलेल्या बाईला कुणीही एवढं म्हणतं. मी दाराला आतून कडी घातली.

"कोण आली होती गं?" खालून मावशींनी विचारलं.

"पत्ता चुकली होती," मी दाराआडूनच ओरडून सांगितलं.

मग तो व्हिडिओ उघडला. पार्सल होतंच, लेसचं. रेकॉर्डिंगच्या दिवशीच आलेलं, घाईत बाजूला सारलेलं. तो माझा सगळ्यांत जास्त पाहिलेला व्हिडिओ होता. कोपरा झाकण्याची काही सोय असते म्हणतात, पण ते शोधत बसण्याचा धीर नव्हता. काढून टाकला. त्याबरोबर खालचं सगळं लिखाणही गेलं. कुणी लेकीचा पहिला ब्लाऊज शिवला होता, कुणी सासूला चोरून शिकत होती. त्यांची नावं मला माहीत नव्हती, पण रोज संध्याकाळी मी ते वाचायचे.

तेव्हापासून पार्सल घरी मागवत नाही, कुरिअरच्या दुकानातून जाऊन आणते. टेबल भिंतीला लावलंय. व्हिडिओ टाकण्याआधी आवाज बंद करून एकेक कोपरा बघते. नवरा आला नाही. तो आला नाही, तसं दुसरंही कोणी आलं नाही.

परवा कापड आणायला नांदेडला निघाले. डोंगरकड्याला गाडी थांबली. चार-पाच बायका चढल्या. मी त्यांच्या ब्लाऊजच्या बाह्या बघत राहिले. कुणाची खांद्यावर ओढत होती, कुणाची ढगळ. एकीची मात्र सुरेख बसली होती, पण चेहरा त्या दिवशी दारात आलेल्या बाईचा नव्हता. हा ब्लाऊज तिनंच शिवून दिला असेल का, एवढं विचारता आलं असतं. पण विचारायचं कुणाचं नाव घेऊन? मी तिला तिचं नावही विचारलं नव्हतं.

ती सुरेख बाहीची बाई माझ्या शेजारी बसली. पिशवी मांडीवर घेऊन माझ्याकडं वळली.

"कुठल्या म्हणायच्या तुमी?"

"नांदेडची," मी म्हणाले.

"आमी इथल्याच," ती म्हणाली, आणि पुढं काय विचारावं न सुचून खिडकीबाहेर बघू लागली.