डोंगरावरचा तिळगूळ

"तुला काळं नवं नाही गं. तुझी आई कोळशाचीच पाटी वाहायची ना? चढ त्या वॅगनमध्ये, फोटो काढते."

नीलिमा मला म्हणाली. सगळ्यांसमोर. बायका हसल्या.

जानेवारी होता. न्यूझीलंडचा उन्हाळा, तरी त्या डोंगरमाथ्यावर जॅकेट लागत होतं. संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा सहलीतच करायचं ठरवून आम्ही मराठी बायका ख्राइस्टचर्चहून इथे आलो होतो. म्हणून सगळ्या काळ्या साड्यांत. भोवती शंभर वर्षांपूर्वीचं, आता ओस पडलेलं कोळसा खाणीचं गाव. समोर कोळशाची गंजलेली वॅगन.

ख्राइस्टचर्चच्या भूकंपात नीलिमाचं घर राहण्याजोगं उरलं नाही, तेव्हा ती मुलांसह आमच्याकडे राहिली. एका ओट्यावर पोळ्या लाटताना मी तिला आईबद्दल सांगितलं होतं. चंद्रपूरकडे खाणीच्या ढिगाऱ्यावर आई कोळसा वेचायची. पाटी डोक्यावर घेऊन विकायची. वरच्या जातीच्या घरांत मागच्या दारानेच. शाळेला जाताना माझ्या पांढऱ्या रिबिनी ती स्वतः बांधत नसे. हाताचा डाग पडेल म्हणून मला शेजारणीकडे धाडायची. हे मी इथे दुसऱ्या कोणालाही सांगितलं नव्हतं. मुलगी जरा मोठी झाली की तिला सांगणार होते. माझ्या शब्दांत.

मुलगी शेजारीच उभी होती. "आई, इज इट ट्रू? व्हाय आर दे लाफिंग?"



तेवढ्यात गाव दाखवणाऱ्या मार्गारेटबाई पुढचं सांगू लागल्या. त्यांची आजी नवी नवरी म्हणून अशाच वॅगनमधून वर आली. तेव्हा रस्ता नव्हता. कोळसा खाली उतरवून रिकाम्या झालेल्या वॅगनमध्ये बसून माणसं वर येत. आजीने जन्मभर खाणकामगारांचे कपडे घासले. वारा खाणीकडून सुटला की धुणं पुन्हा काळं. मॅनेजरच्या बंगल्यात तिला मागच्या दाराने घेत.

नीलिमाने पदराने डोळे टिपले. "बिचारी," ती म्हणाली. "किती सोसलं असेल."

मी शाळेत गणित शिकवते. दोन्ही बाजूंना तेच पद असेल, तर उत्तरातला फरक दुसऱ्या पदातून येतो, हे मुलांना समजावून सांगते. दोन्हीकडे कोळसा होता. दोन्हीकडे मागचं दार होतं. एकीचा इतिहास झाला, दुसरीचा विनोद. राहिलेलं पद मला ठाऊक होतं. जात. ती आमच्याबरोबर विमानाने आली होती आणि माझ्याच ओट्यावर जेवली होती.

हळदीकुंकू सुरू झालं. नीलिमाने डबा पुढे केला. "रुसलीस? चेष्टा केली गं. तिळगूळ घे, गोड बोल."

मी हात मागे घेतला.

"नको. मी गोड बोलणार नाही."

"अगं, सणाला असं करतात का?"

"सणालाच केलंस तू."

मग मी मुलीकडे वळले. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात, मराठीत, सांगितलं. ढिगारा. पाटी. मागचं दार. रिबिनी. नीलिमा मध्येच म्हणाली, "पुरे ना आता." मी थांबले नाही.

नीलिमाला मी क्षमा केलेली नाही. करणारही नाही. आता कुठेही स्वतःची ओळख करून देताना मी आईपासून सुरुवात करते. ज्यांना हसायचं आहे त्यांनी तोंडावर हसावं. माझं सांगून पूर्ण होईपर्यंत मी जागची हलणार नाही.